धरायला हात नसलेला प्रवासी

चिकू गाडीवरून पडला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. डोक्यात हेल्मेट, शेजारून बस चाललेली, माझा स्पीड तीसच्या आसपास. चिकू म्हणजे सहा किलोचा ऐवज. अर्धा पॉमेरियन, अर्धा आमच्या गल्लीतला. नेहमीसारखा तो स्कूटरच्या फूटबोर्डवर, माझ्या दोन पायांच्या मधे उभा होता. पडू नये म्हणून मी त्याची साखळी पिशवी अडकवायच्या हुकाला लावली होती आणि या खबरदारीबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. पुढची रिक्षा हात न दाखवता वळली, मी कचकन ब्रेक दाबला आणि चिकू बाजूने बाहेर गेला. कडेचा शहाळेवाला ओरडला म्हणून खाली बघितलं. चिकू गळ्यातल्या पट्ट्याला लटकलेला आणि त्याचे मागचे पाय डांबरावर घासत चाललेले.

मागचा एक पाय मोडला, तीन नखं गेली. साखळी वीतभर आखूड असती तर फास बसला असता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे जी गोष्ट मी त्याच्या जिवासाठी केली होती, तीच त्याच्या जिवावर उठली होती.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "आम्ही टिप्याला चेतकवर दहा वर्षं फिरवला. कधी काही झालं नाही." टिप्या मी पाहिलेला नाही. सांगलीच्या घरात त्याचा एक फोटो आहे. निळी चेतक, बाबांच्या कल्ल्यांचा जमाना आणि फूटबोर्डवर कान उभे करून ऐटीत बसलेला टिप्या.

'कधी काही झालं नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं. सर्व्हर पडेपर्यंत प्रत्येक जण तेच म्हणत असतो. चिकूच्या पायाला प्लास्टर होतं तेवढे दिवस तो रात्री झोपायचा नाही, मग मीही झोपायचो नाही. मांडीवर तो, हातात मोबाइल. माणसाने कुत्र्याला इंजिनाच्या गाडीवर बसवायला सुरुवात केली तेव्हापासून त्याला न पाडता नेण्याचा विचार कोणी, कधी, कसा केला, हे मी त्या रात्रींमध्ये शोधत बसलो.

या गोष्टीतलं सगळ्यात प्रसिद्ध कुत्रं म्हणजे बड. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने क्लबात बसून पन्नास डॉलरची पैज लावली, की मी मोटारगाडीने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला जाऊन दाखवतो. तोवर हे कोणी केलेलं नव्हतं. त्याच्याकडे स्वतःची गाडीही नव्हती. त्याने एक विंटन गाडी घेतली, सूअल क्रॉकर नावाचा मेकॅनिक बरोबर घेतला आणि २३ मे रोजी निघाला. वाटेत आयडाहो राज्यात पंधरा डॉलरला बुलडॉगच्या वळणाचं एक कुत्रं विकत घेतलं. तोच बड.

ही मोटारगाडी होती खरी, पण तिला छप्पर नाही, पुढे काच नाही, दारं नाहीत. बसणाऱ्याच्या दृष्टीने ती आजच्या मोटरसायकलच्याच जवळची. पश्चिमेकडच्या वाळवंटातली खारी धूळ बडच्या डोळ्यांत जाऊन डोळे सुजायला लागले, म्हणून जॅक्सनने त्याला गॉगल चढवला. गॉगल लावून पुढच्या सीटवर बसलेल्या बडचे फोटो आजही फिरतात. २६ जुलैला, साधारण त्रेसष्ट दिवसांनंतर, तिघं न्यूयॉर्कला पोचले. ती गाडी आणि बडचा गॉगल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. (जॅक्सनला नंतर त्याच्याच गावात ताशी सहा मैलांची मर्यादा ओलांडली म्हणून दंड झाला. आख्खा देश ओलांडून आलेल्या माणसाला! नाका कुठल्याही देशातला असो, मामा सारखेच.)

मला मात्र या प्रवासातली एक वेगळीच नोंद चिकटून राहिली. बड येण्याआधीच्या टप्प्यात, खडबडीत रस्त्यावर त्यांची स्वयंपाकाची भांडी गाडीवरून पडून गेली आणि त्यांना कळलंच नाही. इंजिनाच्या आवाजात भांडी पडल्याचा आवाज बुडाला. हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. पातेली पडल्याचा आवाज जिथे येत नाही, तिथे सहा किलोचं कुत्रं पडल्याचा कुठून येणार?

आणि बड का पडला नाही? जॅक्सनने लिहून ठेवलंय, की तो समोरच्या रस्त्यावर डोळे लावून बसायचा आणि खड्डा येण्याआधी अंग सावरायला शिकला होता. म्हणजे गॉगल ही फक्त डोळ्यांची सोय नव्हती. समोर दिसतंय तोवर तो स्वतःला वाचवू शकत होता. त्याला कशाने बांधून ठेवल्याचं मला कुठल्या फोटोत दिसलं नाही. जे काही करायचं ते त्याचे चार पाय आणि दोन डोळे यांच्यावर सोडलेलं होतं. शिवाय विंटन फार तर ताशी तीस मैल पळायची, तीही चांगल्या रस्त्यावर. आणि चांगला रस्ता त्या प्रवासात जवळपास नव्हताच.

गंमत अशी, की त्याच १९०३ साली इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जे. ग्रॅहम नावाच्या माणसाने साइडकारचं पेटंट घेतलं. मोटरसायकलवर दुसरा जीव ठेवायचा कुठे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. मागे ट्रेलर जोडून बघितला, तर त्यातल्या माणसाच्या तोंडात धूर आणि धूळ. पुढे वेताची खुर्ची लावून बघितली, तर धडक झाली की पहिला तोच. मग बाजूला तिसरं चाक लावून त्यावर टोपलीसारखी जागा केली. आपल्याला साइडकार म्हटलं की 'शोले' आठवतो, पण युरोपात ती कितीतरी वर्षं गरिबाची मोटार होती. बायको, पोरं, बाजार आणि कुत्रं, सगळं त्यात. तिची खरी कमाई म्हणजे कडा. चारी बाजूंनी उंच कडा असलेल्या जागेत बसलेल्याला कशाला धरून बसावं लागत नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जरा जागा झाला, तर सांभाळून घ्या. दोन चाकांची गाडी वळताना आत कलते. त्यामुळे तिच्यावर मधोमध बसलेल्याला बाजूला फेकल्यासारखं वाटत नाही. वजन सीटमध्येच दाबलं जातं. साइडकारची गाडी कलत नाही, म्हणून तिच्यात बसलेला प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याला कड लागतेच. म्हणजे साध्या वळणावर आपली स्कूटर कुत्र्याला उलट सोयीची आहे. चिकू वळणावर कधीच घसरला नव्हता, यामुळेच मी निर्धास्त झालो होतो. दगा दिला तो ब्रेकने. ब्रेक लागला की गाडी थांबते आणि कुत्रं पुढे जात राहतं. माणूस हँडल धरतो, मागचा माणूस पुढच्याला किंवा मागच्या दांडीला धरतो. चिकूला धरायला काय आहे? गुळगुळीत रबर आणि चार नखं.

पहिल्या महायुद्धात मोटरसायकलवरून प्राणी नेण्याचा एक वेगळा नमुना सापडतो. त्यात कुत्री नाहीत, कबुतरं आहेत. निरोप्या कबुतरांना आघाडीवर पोचवण्याचं काम मोटरसायकलवरचे डिस्पॅच रायडर करायचे. कबुतरं वेताच्या टोपलीत आणि टोपली स्वाराच्या पाठीवर बांधलेली. चिखल, खड्डे, तोफांचे आवाज, आणि पक्षी पोचल्यावर उडण्याच्या अवस्थेत असायला हवा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. सैन्याने इथे प्राण्याच्या शहाणपणावर काही सोडलं नाही. धर, सावर, बघ, असं कबुतराला कोणी सांगितलं नाही. टोपलीने त्याला सगळीकडून धरलं आणि वेताच्या विणीतून हवा येत राहिली. आज ऑनलाइन मिळते ती जाळीची 'पेट बॅकपॅक' म्हणजे हीच टोपली, फक्त पॉलिएस्टरची.

दोन्ही नमुन्यांची तुलना केली तर मला सैन्याची पद्धत पटते. बड आवडतो, पण पटते टोपली.

फूटबोर्ड मात्र या सगळ्यात वेगळ्याच वाटेने आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत एन्रिको पियाजिओने कोराडिनो द'आस्कानिओ या विमान-हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरला एक साधी गाडी करायला सांगितली. द'आस्कानिओला मोटरसायकली आवडायच्या नाहीत. त्या मळवतात, अवघड असतात असं त्याचं मत. म्हणून त्याने इंजिन मागे झाकून टाकलं, पुढे चिखल अडवायला मोठा पत्रा दिला आणि मधली जागा मोकळी सोडली. स्कर्ट घातलेल्या बाईला पाय टाकून सहज बसता यावं म्हणून. १९४६ साली व्हेस्पाचं पेटंट दाखल झालं. १९६० च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या परवान्यावर आपल्याकडे व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक आली. राणा प्रतापच्या घोड्याचं नाव.

इटलीत स्कर्टसाठी सोडलेल्या त्या मोकळ्या जागेत आपण काय काय ठेवलं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दळणाचा डबा, गॅसचा सिलेंडर, आंब्याची पेटी, उभं राहिलेलं पोरगं, गणपती. त्याच रांगेत कुत्रं. घोड्याच्या नावाच्या गाडीवर टिप्या बसला तो असा. पण जागा दिसली म्हणून ती त्या कामासाठी केलेली असते असं नाही. फूटबोर्डला पुढे पत्रा आहे, मागे सीट आहे, आणि नेमक्या दोन्ही बाजू उघड्या आहेत. ब्रेक लागला की कुत्रं पत्र्यावर आदळतं आणि तिथून बाजूला निसटतं. चिकूचं अगदी असंच झालं. जुन्या चेतकचा तर मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, फूटबोर्डवरच असायचा. टिप्याच्या फोटोकडे आता नीट बघितलं तेव्हा कळलं, की तो डावीकडे रेलून बसलाय, कारण उजवीकडे बाबांचा बूट आहे. चुकून टिप्या पेडलवर बसला असता तर?

जागेच्या प्रश्नाला उत्तरं सापडत गेली, पण धडक झाल्यावर काय, हा प्रश्न माणसांच्याही बाबतीत उशिराच विचारला गेला. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून आपल्याला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. त्याने नंतर लष्करी डिस्पॅच रायडरांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला. पुढे हेल्मेटच्या आत चेपणारा थर आला, जो स्वतः चिरडतो आणि कवटीला वाचवतो. आज आपल्याकडे आयएस ४१५१ हे मानक आहे ते याच रस्त्याने आलेलं. कुत्र्यांची हेल्मेटंही बाजारात दिसतात. मी एक मागवलं होतं. छान दिसतं. फोटोला उत्तम. पण चिकूचं डोकं त्रिकोणी, कान उभे, हनुवटी नावालाच. ते हेल्मेट त्याच्या डोक्यावर दोन मिनिटं टिकलं नाही, धडकेत काय टिकणार? परत पाठवलं.

डोळ्यांचं मात्र काम झालं. १९९७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रोनी डी लुलो या बाईने आपल्या कुत्र्यासाठी गॉगल तयार केले, त्यातून 'डॉगल्स' हा व्यवसाय उभा राहिला आणि इराकमध्ये सैन्यातल्या कुत्र्यांनीही ते वापरले. बडपासून इथवर जवळजवळ शंभर वर्षं. डोळे सुजलेले दिसतात, म्हणून त्यावर उपाय निघतो.

बांधण्याचं काय? २०११ मध्ये अमेरिकेत 'सेंटर फॉर पेट सेफ्टी' नावाची संस्था निघाली. तिने मोटारीतल्या कुत्र्यांच्या हार्नेसची धडक-चाचणी केली, तीही लहान मुलांच्या सीटला लावतात त्या पद्धतीची. त्यासाठी कुत्र्यांचे वजनदार पुतळे बनवले. पहिल्या फेरीत सगळे हार्नेस नापास. २०१३ मध्ये मोठी फेरी झाली, तेव्हा तिन्ही आकारांच्या पुतळ्यांना प्रत्येक वेळी सीटवर धरून ठेवणारा एकच हार्नेस निघाला. बाकीच्यांमध्ये पट्टे तुटले, पुतळे उडाले. डब्यांवर 'सेफ्टी' छापलेलंच होतं. आणि हे मोटारीचं झालं, जिला भिंती आहेत.

साधा हिशेब करून बघितला. ताशी तीस किलोमीटरने जाणारी वस्तू थांबवणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडलेली वस्तू झेलणं, साधारण पहिल्या मजल्यावरून. चाळीसला सहा मीटरच्या वर, म्हणजे दुसरा मजला. तीसच्या वेगात गाडी दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात थांबली तर सहा किलोचा चिकू पन्नास किलोच्या जोराने पुढे जातो. सिमेंटची एक गोणी. 'मी एका हाताने धरतो ना त्याला' असं म्हणणाऱ्याने एका हातात गोणी झेलून बघावी. आणि हा सगळा जोर गळ्यातल्या दोन बोटं रुंद पट्ट्यावर आला तर काय होतं ते सांगायला नको. इझाडोरा डंकन ही नर्तकी १९२७ मध्ये नीस शहरात गेली ती गळ्यातला लांब स्कार्फ उघड्या मोटारीच्या चाकात अडकून. आपल्याकडे याच भीतीने मोटरसायकलला साडी गार्ड आला.

कायद्याची पानं वाचताना मला तो साडी गार्ड पुन्हा भेटला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं हवं. किती नेमकं लिहिलंय! हात, पाय, कपडे. या नियमातला प्रवासी माणूस आहे, आणि मोठा माणूस आहे. ज्याला मूठ धरता येत नाही अशा प्रवाशाकडे नियमांची नजर २०२२ मध्ये वळली. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, गाडी चालवणाऱ्याला जोडलेला हार्नेस आणि चाळीसची वेगमर्यादा. हार्नेस तीस किलो पेलणारा, जाड नायलॉनचा, आत फोम, आणि पट्टे मुलाच्या छातीभोवतीच्या जाकिटाला जोडलेले. गळ्याचा कुठेही संबंध नाही. कुत्र्यांच्या वाट्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं एक कलम येतं, की कुठल्याही वाहनातून प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मी केलं ते त्या कलमात बसतं की नाही, हा विचार मी एका रात्री बराच वेळ केला. बसतं, असं माझं मत.

या सगळ्या वाचनाचं सार मी रविवारी घरी फोनवर सांगत होतो. स्पीकर चालू होता. बाबांनी पुन्हा सुरू केलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण आमच्या टिप्याला कधी..."

मधेच आई म्हणाली, "अहो, मग टिप्या लंगडायचा तो कशाने?"

पलीकडे एकदम शांतता. मग आईनेच सांगितलं. विश्रामबागेच्या चौकात टिप्या चेतकवरून पडला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी. हळद लावून घरीच बांधला. पाय वाकडा जुळला. "फोटो त्याच्या आधीचा आहे," आई म्हणाली. बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "हो, झालं होतं खरं." ते खोटं बोलत नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे. त्यांच्या डोक्यात तीस वर्षं फोटोच राहिला होता.

तेव्हापासून गाडीवरच्या कुत्र्यांचे जुने फोटो बघताना मी थबकतो. गॉगलवाला बड, साइडकारमधली टेरियर, चेतकवरचा टिप्या. फोटो पोचलेल्यांचे निघतात. पडलेल्यांसाठी कोणी कॅमेरा काढत नाही.

चिकूचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी मागच्या सीटवर बसेल असा डबा करून घेतला. प्लॅस्टिकचा भक्कम क्रेट, खाली प्लायवुड, ते ग्रॅब रेलला नटबोल्टने पक्कं. दोरी नाही, बंजी तर नाहीच. तळाला रबरी चटई, चारी बाजूंना हवेला जाळी, वर टोपण. आत एक आखूड पट्टा, तो छातीच्या हार्नेसला, एवढाच लांब की चिकूला वळून बसता यावं पण कड ओलांडता येऊ नये. पिशवीवजा बॅकपॅक मुद्दाम टाळली. मी पडलो तर मी त्याच्यावर पडणार. शिवाय उन्हात बंद पिशवीत कुत्रं तापतं, कारण त्याचा घाम म्हणजे धापणं. २००३ च्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेल्या पगांचे तर आणखी हाल, त्यांना मुळातच नाक नाही. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा मग रिक्षा.

या डब्याची धडक-चाचणी झालेली नाही, हे मला माहीत आहे. माझा स्पीड आता पंचवीसच्या वर जात नाही, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

चिकूला मात्र यातलं काही पटलेलं नाही. पहिले दहा दिवस डबा हॉलमध्येच ठेवला. आत त्याची जुनी चादर आणि रोज एक चीजचा तुकडा. अकराव्या दिवशी तो आपणहून आत जाऊन झोपला. मग डबा गाडीवर, गाडी स्टँडवर, इंजिन बंद. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. इंजिन चालू झालं की तो अजून कान पाडतो आणि मागचा तो पाय पोटाखाली घेतो. काल पार्किंगमध्ये एक फेरी मारली, मी गाडी ढकलत, इंजिन बंद ठेवून. वॉचमन हसत होता. बाबांनी त्याचा फोटो मागितलाय. अजून पाठवलेला नाही.